बोअर निवडण्याआधी काडतुसाचं दुकान बघा

पाबळच्या बाहेर एका वस्तीवर यंदाच्या रब्बीत कांद्याच्या करप्यावर बोलायला बसलो होतो. पंधरा-वीस शेतकरी, चहा झालेला. रोग कसा ओळखायचा, फवारणी कधी आणि किती, सगळं सांगून झालं. शेवटी रीतीप्रमाणे "कुणाला काही विचारायचंय का?" म्हटलं, तर मागे बसलेल्या एका नानांनी हात वर केला. म्हणाले, "साहेब, औषधाचं कळालं. आता एक सांगा, बावीस घ्यावं का बत्तीस?"

मला वाटलं वाणाचा नंबर विचारताहेत. कुठल्या कंपनीचं बियाणं म्हणून उलट विचारलं, तर सगळी बैठक हसली. नाना रिव्हॉल्व्हरचं विचारत होते.

कृषी खात्याच्या माणसाने बंदुकीवर लिहावं का, असं काही वाचकांना वाटेल. वाटू द्या. रात्री दारं धरायला माणूस जायला तयार नाही, म्हणून भिजवणीची पाळी चुकते, हे मी रोज बघतो. तेव्हा हा प्रश्न माझ्या कामाबाहेरचा आहे असं मला वाटत नाही. आणि नाना काही हौसेने विचारत नव्हते. ऑक्टोबर आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये आपल्याच तालुक्याच्या बेट भागात, पिंपरखेड-जांबूत परिसरात, वीस-बावीस दिवसांत तिघांचा जीव बिबट्याने घेतला. लोकांनी मंचरला पुणे-नाशिक महामार्ग अडवून धरला. त्यानंतर गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून रानात वावरणारी आपलीच माणसं आपण वर्तमानपत्रात पाहिली. पाबळचं रान बेट भागाइतकं उसाचं नाही, पण बिबट्याला तालुक्याचा नकाशा ठाऊक नसतो. तेव्हापासून ज्याच्याशी बोलावं तो परवान्याचं विचारतो, आणि परवान्याच्या पाठोपाठ बोअरचं.

तर बोअरचंच बोलू. टाळाटाळ करून "बंदूक घेऊ नका" एवढंच सांगून मोकळं होणं सोपं आहे, पण ज्याला घ्यायचीच आहे तो मग मोबाईलवर बघून ठरवतो, आणि तिथे सगळा घोटाळा होतो.

मोबाईलवरचे ते व्हिडिओ बहुतेक अमेरिकेतले असतात. त्यात एक सांगणारा असतो, समोर टेबलावर आठ-दहा पिस्तुलं मांडलेली असतात, आणि तो ठासून सांगतो की अडीअडचणीसाठी घ्यायचं तर ९ एम.एम. घ्या, कारण ते जगात कुठेही मिळतं. त्याचं म्हणणं त्याच्या गावापुरतं खरं आहे. हे काडतूस जर्मनीत १९०२ च्या सुमारास आलं आणि आज जगभरच्या पोलिसांत आणि लष्करांत तेच चालतं. पण म्हणूनच ते आपल्याकडे सामान्य नागरिकाला मिळत नाही. जे काडतूस फौजेच्या किंवा पोलिसांच्या हत्यारात बसतं ते नागरिकाच्या हातात नको, हे आपल्या शस्त्र नियमांचं जुनं सूत्र आहे. त्यामुळे ९ एम.एम., .४५, .४५५, जुन्या लष्करी रिव्हॉल्व्हरचं .३८०, रायफलीत .३०३ आणि ७.६२, ही सगळी 'प्रतिबंधित बोअर'. त्यांचा परवाना जिल्हाधिकारी कचेरीतून निघत नाही, तो केंद्र सरकारकडचा मामला आहे. म्हणजे जगात जे सर्वात सर्रास तेच शिरूर तालुक्यात सर्वात दुर्मीळ.

हे इंग्रजांपासून चालत आलंय. साहेबाला धाक असा की शिकारीच्या नावाखाली घेतलेली काडतुसं बंडखोरांच्या जुन्या लष्करी बंदुकांत जातील. म्हणून १९०७ च्या सुमारास त्याने हिंदुस्थानात .४५० बोअरच्या रायफलींना बंदी घातली. विलायतेतले बंदूकवाले काय गप्प बसणार? त्यांनी .४७०, .४६५ अशी नवी मापं काढली, वाघ-हत्ती मारायला तेवढीच जोरदार, फक्त लष्करी बंदुकीत न बसणारी. .३०३ वर बंदी होती म्हणून .३१५ ची रायफल खास हिंदुस्थानच्या बाजारासाठी आली. आज आपल्याकडे परवान्याची रायफल म्हटलं की .३१५ असं डोळे मिटून सांगतात. युरोप-अमेरिकेत त्या नावाचं काडतूस मागितलं तर दुकानदार तोंडाकडे बघत राहील. सांगायचा मुद्दा हा की, काडतूस 'सर्रास' आहे की 'दुर्मीळ' हे त्याच्या अंगचं नसतं. तुम्ही राहता कुठे आणि तुमच्या परवान्यावर काय लिहिलंय, त्यावर ते ठरतं.

हे शेतकऱ्याला वेगळं समजावून सांगायची खरं तर गरज नाही. परदेशी बनावटीची भारी मोटर घेतली, दोन हंगाम मस्त चालली, मग सील गेलं आणि ते पुण्यात नाही, मुंबईत नाही, मागवायला दीड महिना. तोवर पीक वाळलं. शेजाऱ्याची साधी मोटर तीनदा जळाली असेल, पण तिन्ही वेळा पाबळच्या बाजारातच दुरुस्त होऊन संध्याकाळी पाण्यात गेली. आपल्या गावात विज्ञान आश्रमात १९८३ पासून पोरं हाताने काम करून शिकताहेत. वर्कशॉपमध्ये काम केलेल्या कुठल्याही पोराला विचारा, आट्याचं माप वेगळं असलेला बोल्ट कितीही चांगल्या पोलादाचा असला तरी तो डब्यातच पडून राहतो. हत्याराला हाच न्याय. बोअर म्हणजे शेवटी आट्याचं माप.

आता नानांचा बावीस-बत्तीसचा प्रश्न.

.३२ हे आपल्याकडचं चालतं माप. कानपूरच्या कारखान्यातून रिव्हॉल्व्हर वर्षानुवर्षं याच बोअरमध्ये निघतात. २०१४ साली 'निर्भीक' निघालं, अर्ध्या किलोचं, खास बायकांसाठी म्हणून जाहिरात झाली. त्या वेळी त्याची किंमत सव्वा लाखाच्या घरात होती. ऑगस्ट २०२३ मध्ये 'प्रबळ' आलं, पल्ला पन्नास मीटर असं कारखाना सांगतो. (पाबळला प्रबळ, असा विनोद तेव्हापासून ऐकून ऐकून कान किटले आहेत.) हे दोन्ही .३२. आणि काडतूस? आपल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याचा शिक्का असलेलं .३२ पुण्यातल्या परवानाधारक दुकानात मिळतं. २०२१ मध्ये सरकारने आयुध निर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या केल्या, त्यात दारूगोळ्याची जी कंपनी झाली तिचं मुख्यालयही पुण्यातच आहे. म्हणजे पाबळच्या माणसाचं काडतूस दीड-दोन तासांच्या वाटेवर तयार होतं. याहून जास्त 'सर्रास' काय हवं?

.२२ चं तसं नाही. इच्छापूरच्या कारखान्याने 'निडर' नावाचं .२२ चं छोटं रिव्हॉल्व्हर काढलं, अगदी हलकं, खिशात मावणारं, .३२ पेक्षा बरंच स्वस्त. धक्का जवळजवळ नाही. डिप्लोमाला असताना एन.सी.सी.त मी .२२ ची रायफल चालवली आहे, बंदुकीचा माझा अनुभव म्हणाल तर तेवढाच, आणि शिकायला याहून चांगलं माप नाही हे मी सांगू शकतो. पण त्याची गोळी किती? अडीच ग्रॅमच्या आसपास. .३२ च्या रिव्हॉल्व्हरची सहा ग्रॅमच्या वर. बारा बोअरच्या काडतुसात तीस ग्रॅमच्या आसपास शिसं असतं. हे तीन आकडे शेजारी ठेवले की बावीस कशासाठी आणि कशासाठी नाही ते कळतं. शिवाय .२२ चं काडतूस काठावर ठोका बसून पेटतं. एखादं फुसकं निघण्याची शक्यता त्यात मोठ्या काडतुसापेक्षा अधिक. निशाणीच्या मैदानावर फुसकं निघालं तर हसण्यावारी जातं.

इथे एक ठेच सांगून ठेवतो, कारण परवान्यावर नुसतं '.३२ बोअर' लिहिलेलं पाहून माणसं फसतात. .३२ ची दोन काडतुसं आहेत. रिव्हॉल्व्हरचं लांब, पुंगळी तेवीस मिलिमीटरची आणि बुडाला ठळक कडा. पिस्तुलाचं आखूड, पुंगळी सतरा मिलिमीटरची. नाव एक, माप वेगळं. पाहुण्याकडून उसनी चार काडतुसं आणली आणि ती भलत्याच जातीची निघाली, असा प्रकार करू नका. एक तर ती बसायची नाहीत, बसली तरी चालवायची नाहीत, आणि दुसऱ्याच्या परवान्यावरची काडतुसं उसनी घेणं हाच मुळात गुन्हा आहे. रिकाम्या पुंगळ्यांचासुद्धा हिशेब असतो, मंडळी.

आता नानांनी हा प्रश्न का काढला ते सांगतो. त्यांच्या घरात एक पिस्तूल आहे. वडिलांच्या नावावर होतं. वडील गेल्यावर वारसाने परवाना त्यांच्या नावावर झाला. (नियमात त्याची सोय आहे. परवानाधारक मयत झाला, किंवा सत्तरीला पोचला, किंवा पंचवीस वर्षं त्याने हत्यार बाळगलं, की वारसाला अर्ज करता येतो.) पिस्तूल विलायती, .२५ बोअरचं, तळहाताएवढं. घडण इतकी सुबक की हातात घेतल्यावर ठेवावंसं वाटत नाही. वडिलांच्या काळात अशी विलायती हत्यारं दुकानात मिळत. १९८० च्या दशकात सरकारने खाजगी आयात बंद केली आणि तेव्हापासून जी देशात आहेत तीच या हातातून त्या हातात फिरताहेत. नानांच्या पिस्तुलासोबत काडतुसं किती, तर सात. ती पण वडिलांनी घेतलेली. पितळ काळवंडलेलं, एकाच्या बुडाशी हिरवा गंज. गोठ्याच्या माळ्यावर, लोखंडी पेटीत, तीस पावसाळे काढलेली.

मी विचारलं, "नाना, यातली पेटतील किती?"

म्हणाले, "ते उडवल्याबिगर कसं कळणार? आणि उडवलं तर सहा राहतील."

दुर्मीळ बोअरची सगळी गोष्ट या एका वाक्यात आली. तपासायचं म्हटलं तरी साठा कमी होतो. सराव तर सोडूनच द्या. आणि सराव नसलेल्या हातातलं हत्यार हे घरच्यांनाच जास्त धोक्याचं. कुत्रं भुंकलं, वस्तीच्या मागे पाचट वाजलं, झोपेतून उठून अंधारात घोडा ओढला आणि समोर दारं धरून परत येणारा आपलाच पोरगा, हे चित्र मला बिबट्यापेक्षा जास्त घाबरवतं. ज्याचं काडतूस मिळतं त्या बोअरला निदान वर्षातून दोनदा रीतसर रेंजवर जाऊन हात बसवता येतो. परवान्यावर एका वेळी किती आणि वर्षाला किती काडतुसं हे लिहिलेलं असतं, त्या मर्यादेत का होईना.

नानांबरोबर मी पुण्यातल्या एका बंदुकीच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हातारा, बोलायला मोकळा. पिस्तूल बघून त्याने आधी तोंडभर कौतुक केलं, मग काडतुसं बघून मान हलवली. .२५ ची माझ्याकडे नाहीत, म्हणाला, कधी येतील सांगता येत नाही, आली तर दर ऐकून तुम्हीच परत जाल. .३५७ मॅग्नमचंही त्याने तसंच सांगितलं. ते प्रतिबंधित नाही, परवान्यावर घेता येतं, जोरही दांडगा. पण माल जुना आयात केलेला, हत्याराची किंमत लाखांच्या पाढ्यात आणि काडतूस मोजून मापून. ज्यांच्या कमरेला ते आहे ते बहुतेक एकदाही उडवत नाहीत. मग ते बाळगतात कशाला, तर मिरवायला. रांजणगाव-शिक्रापूरच्या पट्ट्यात जमिनीला भाव आल्यापासून रिव्हॉल्व्हर हा काही लोकांच्या पोशाखाचा भाग झाला आहे हे तुम्हालाही माहीत आहे. त्यांच्यासाठी दुर्मीळ असणं हाच त्या बोअरचा गुण. लग्नात हवेत बार काढण्याला २०१९ च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही लावले, हे मात्र त्यांनी ध्यानात ठेवावं. त्याच दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवायची मुभा राहिली. म्हणजे आजोबांचं एक शोभेचं हत्यार परवान्यावर अडवून बसलं असेल, तर कामाच्या हत्याराला एकच जागा उरते. दुर्मीळ बोअरची ही किंमत कुणी मोजत नाही.

दुर्मीळ बोअरच्या बाजूने काहीच नाही असं नाही. जुन्या विलायती मालाची घडण खरोखर चांगली. .२५ किंवा .२२ चा धक्का कमी, म्हणून वयस्कर माणसाला किंवा बाईमाणसाला हात स्थिर ठेवता येतो, ज्याला.३२ चा दणका सोसत नाही त्याने लागणारं .२२ ठेवलेलं बरं, न लागणाऱ्या .३२ पेक्षा. वडिलांची आठवण ही गोष्टही मी हसण्यावारी नेणार नाही. पण आठवण आणि तयारी ही दोन वेगळी खाती आहेत, ती एकात मिसळू नका.

मग घ्यावं काय? मला विचाराल तर वस्तीवर राहणाऱ्याने, घ्यायचंच असेल तर, रिव्हॉल्व्हरच्या नादालाच लागू नये. बारा बोअरची साधी बंदूक घ्यावी, एकनळी किंवा दुनळी. बारा बोअर म्हणजे काय, तर एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यातली एक जेवढी जाड, तेवढं नळीचं तोंड. इतकं जुनं आणि इतकं सर्रास माप दुसरं नाही. आपल्याकडे आणि जगातही, दोन्हीकडे चालणारं एवढं एकच माप म्हणा ना. काडतूस देशात बनतं, दुरुस्ती कुठलाही जुना कारागीर करतो. १९५९ च्या शस्त्र कायद्याचं कलम १३ सुद्धा या बंदुकीला मोकळं आहे: वीस इंचांहून आखूड नसलेल्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा परवाना संरक्षणासाठी, आणि पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना, कारण नसताना नाकारू नये असा त्याचा रोख आहे. रानडुकरांनी भुईमूग उकरलेल्यांनी हे कलम वाचून ठेवावं. मात्र परवाना बंदुकीचा मिळाला म्हणजे डुक्कर मारायचा मिळाला असं होत नाही, त्याला वन खात्याची परवानगी वेगळी लागते. रिव्हॉल्व्हरला कचेरी जितके प्रश्न विचारते तितके बारा बोअरला विचारत नाही, असा साधारण अनुभव आहे.

इथवर बोअरचं झालं. आता जे मला बैठकीत बोलता आलं नाही ते लिहितो.

बिबट्यासाठी म्हणून कमरेचं हत्यार, कुठल्याही बोअरचं, मला निरुपयोगी वाटतं. पिंपरखेड-जांबूतला जे गेले ते कोण होते? एक पाच वर्षांची मुलगी, एक म्हातारी बाई आणि एक तेरा वर्षांचा मुलगा. एकवीस वर्षांखाली परवानाच मिळत नाही. म्हातारी आजी शेतात वाकून काम करताना कमरेला रिव्हॉल्व्हर लावून जाणार नाही. आणि परवाना ज्या कर्त्या पुरुषाच्या नावावर, तो त्या वेळी दुधाच्या डेअरीवर किंवा तालुक्याला असतो. बिबट्या मागून येतो, बसलेल्या-वाकलेल्या माणसावर येतो, आणि मान धरतो. पिशवीतून, कमरेतून हत्यार काढायला तो वेळ देत नाही. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात वन विभागाच्या पथकाने जो बिबट्या मारला, तिथे ड्रोन होते, पशुवैद्य होते, मुरलेले नेमबाज होते; आधी बेशुद्धीचं इंजेक्शन मारून पाहिलं ते लागलं नाही, मग गोळी घालावी लागली. जिथे त्यांचा पहिला नेम चुकतो तिथे तुमची-माझी काय कथा? आणि .३२ ची गोळी पायाला लागून उसात शिरलेला बिबट्या दुसऱ्या दिवशी ऊसतोडीच्या टोळीच्या वाटेत बसलेला असेल, त्याचा विचार करा. जिवावर बेतलं म्हणून मारला तर १९७२ च्या वन्यजीव कायद्यात कलम ११ ची सूट आहे, पण ती चौकशीत सिद्ध व्हावी लागते.

आणखी एक. निवडणूक लागली की छाननी होऊन बऱ्याच जणांची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा होतात. ग्रामपंचायत झाली, विधानसभा, लोकसभा, जिल्हा परिषद. ते आठवडे तुमची तयारी ठाण्याच्या खोलीत चिठ्ठी लावून पडलेली असते, आणि आचारसंहिता बिबट्याला कुणी वाचून दाखवलेली नसते.

पैशाचंही बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून रिव्हॉल्व्हर-पिस्तुलावर जीएसटी २८ वरून ४० टक्के झाला; त्याच दिवशी ट्रॅक्टर आणि ठिबकवरचा १२ वरून ५ वर आला. म्हणजे लाखाच्या हत्यारावर चाळीस हजार नुसता कर. त्या चाळीस हजारात गोठ्याला चहूबाजूंनी आणि वरून जाळी होते. वरून म्हणतोय, कारण बहुतेक जण बाजू बंद करतात आणि छप्पर व भिंतीतली फट तशीच ठेवतात, आणि तो तिथूनच उतरतो. उरलेल्यात अंगणाला दिवे होतात, घराला लागून असलेला दहा-पंधरा फुटांचा ऊस काढून तिथे बुटकं पीक घेतलं तर होणारं नुकसानही भरून निघतं. बिबटीण उसात पिल्लं घालते, आणि ऊस वर्ष-दीड वर्ष उभा असतो; दाराशी ऊस ठेवून कमरेला पिस्तूल लावणं मला तरी समजत नाही.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट माझ्या किंवा तुमच्या हातात नाही. शेतीची थ्री-फेज वीज अजून कित्येक ठिकाणी एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री अशी येते. दिवसा वीज द्यायची म्हणून सौर कृषी वाहिनीची योजना आहे, २०२३ पासून तिचा दुसरा टप्पा चालू आहे, काही फीडरवर दिवसा वीज आलीही. जिथे आली तिथे रिव्हॉल्व्हरचं विचारणारा मला अजून भेटलेला नाही. हा माझा वस्त्यांवर फिरतानाचा अंदाज आहे, पाहणी नव्हे. पण परवान्याच्या अर्जावर जेवढे हेलपाटे आपण घालतो त्याच्या निम्मे जरी फीडरसाठी गावाने मिळून घातले, तर मला वाटतं रात्रीचं जाणं लवकर थांबेल.

नानांनी त्या दिवशी दुकानातच पिस्तूल सुरक्षित ठेव म्हणून जमा केलं. सात काडतुसांची नोंद पावतीवर झाली, गंजलेलं एक वेगळं लिहिलं. बारा बोअरसाठी अर्ज करायचा की नाही हे घरात ठरायचंय. सूनबाईंचा विरोध आहे, घरात लहान पोरं आहेत म्हणून, आणि त्यांचं मला पटतं. गोठ्याला जाळी बसली, वरून सुद्धा. करपा आटोक्यात आहे. विजेची पाळी मात्र या आठवड्यात पुन्हा रात्रीची आहे, दहा वाजता मोटर चालू करायला नाना आणि त्यांचा मुलगा दोघं मिळून जातात, एकाच्या हातात बॅटरी, दुसऱ्याच्या हातात काठी.